गाडीतली शेगडी

पोलादपुरात त्या काळी भाड्याने मिळणारी मोटार एकच होती आणि पावसाळ्यात ती बाहेर निघत नसे. मृग लागायच्या आत तिचा मालक तिला नाक्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेई, खाली लाकडी ठोकळे देई, वरून ताडपत्री बांधी आणि दसऱ्याला पूजा करूनच पुन्हा रस्त्यावर आणी. मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. गाव त्याला मोटारवाला म्हणे. मी दादा म्हणत असे, कारण तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा होता आणि कुडपणच्या वाटेवरची आमची वाडी हे त्याचे आजोळ होते.

श्रावणातल्या एका सकाळी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. रस्त्यापलीकडे डॉक्टरांच्या पडवीत माझे वडील घोंगडीवर पडले होते. त्यांना जुना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होता. लावणीच्या दिवसांत तो खाली उतरे, मग ते बांधावर आडवे पडून हाताने आत सारत आणि पुन्हा चिखलात पाय घालत. आदल्या दुपारपासून तो आत जाईना. पोट फुगले, ओकाऱ्या सुरू झाल्या. उजाडताच आम्ही त्यांना डोलीत घातले, म्हणजे कांबळ्याची झोळी करून ती बांबूला बांधली आणि डोंगराखाली आणली. आई ओढ्यापर्यंत आली होती. ओढ्याचे पाणी वाढत होते, म्हणून बायकांनी तिला तिथूनच मागे नेले.

डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केला, मग हात धुतले आणि मला बाजूला घेतले. आतडे अडकले आहे, ते काळे पडायच्या आत पोट उघडायला हवे, आणि ते इथे होणार नाही, महाडलाही होणार नाही, असे त्यांनी सांगितले. सावित्रीचे पाणी महाडच्या रस्त्यावर आले होते, तेव्हा मुंबईचे नावच नको. एकच दिशा मोकळी होती, ती वरची. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर आणि पलीकडे उतरून वाई. वाईला पोटाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. दिवेलागणीच्या आत पोहोचवा, एवढेच ते म्हणाले. त्यांनी माझ्याबरोबर आलेल्या चुलत्यांना विचारले, हे दुखणे कशाने सुरू झाले. चुलते म्हणाले, ओझ्याने. मी शाळेसाठी महाडला राहत होतो तेव्हा माझे तांदूळ आणि नाचणी वडील डोक्यावरून महाडपर्यंत आणून देत, हे चुलत्यांना ठाऊक होते. ते त्यांनी डॉक्टरांना सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. मी तिथेच उभा होतो.

एस.टी. घाटात जात नव्हती, पण डाक घेऊन उतरलेला माणूस म्हणाला होता की दरडी किरकोळ आहेत, लहान गाडी निघेल. म्हणून मी मोटारवाल्याकडे आलो होतो.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "गाडी काढतो रे. गाडीचं काय घेऊन बसलास! पन घाट नाय चढनार मी. काच पांढरी होते."

मला आधी कळले नाही. तेव्हा त्याने मागच्या ज्येष्ठाच्या अखेरची गोष्ट सांगितली. एका लग्नघरच्या माणसांसाठी तो एकदाच पावसात घाट चढला होता. बाहेरचे पाणी पुसायला वायपर होता. पण खिडक्या बंद, आत पाच माणसे, त्यांचे श्वास, त्यांचे ओले कपडे. काच आतून दुधासारखी झाली. त्याने तंबाखू चोळून पाहिली, कापलेला बटाटा फिरवून पाहिला. खाली गावात या गोष्टी चालतात, घाटातल्या धुक्यात त्यांचा टिकाव लागला नाही. फडक्याने पुसावे तर हात फिरतो न फिरतो तोच काच पुन्हा भरे. खिडकी उघडावी तर पाऊस आडवा आत येई. एका वळणावर पुढचे चाक कडेच्या सुट्या मातीवर गेले. तो तसाच गाडी मागे मागे घेत खाली आला.

"गाडीतल्या मान्सांना कळलंच नाय," तो म्हणाला. "मला कळलं."

त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. वडिलांना वाचवायला निघून आम्ही चौघेही दरीत जाणार असू, तर त्यात काही अर्थ नव्हता. तरी मी तिथून हललो नाही. मग तो आपणहूनच सांगू लागला. ती गाडी विलायती बनावटीची, जुनी. पाचगणीच्या एका साहेबाच्या कुटुंबाने देश सोडताना विकलेली. तिच्यात पायाशी एक लोखंडी डबा होता. साहेबाच्या ड्रायव्हरने गाडी हवाली करताना सांगितले होते की ही गाडीची शेगडी आहे, धुक्यात ती लावली की पुढची काच साफ राहते. त्या वेळी तो हसला होता. कोकणात उकाड्याने जीव जातो आणि हे म्हणतात गाडीत शेगडी! पुढे नाक्यावरही तो चेष्टेचा विषय झाला. कुणी गाडीत बसताना विचारी, भाकरी थापायला परात आणू का.

"पन ती पेटत नाय," तो म्हणाला. "कवाच पेटली नाय."

मी म्हणालो, आपण बघू या.

"तू मास्तर हायस. पोरांना शिकवतोस ते बराबर. माझ्या गाडीचं पुस्तकात काय लिवलंय?"

"गाडीचं नाही. पंख्याचं लिहिलंय."

मी त्या वेळी महाडच्या शाळेत शास्त्र शिकवीत होतो आणि सुट्टीला घरी आलो होतो. बी.एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झाले होते. माझ्या घरात सही करता येणाराही माझ्याआधी कुणी नव्हता. मोटारीला मी तोवर आत बसण्यापलीकडे हात लावलेला नव्हता. पण त्या डब्यात काय असणार ते मला दिसत होते. इंजिनातले गरम पाणी रबरी नळीने डब्यात येत असणार, एक छोटा पंखा त्यावरून वारा फुंकत असणार आणि तो ऊन वारा काचेच्या बुडाशी असलेल्या फटींतून वर येत असणार. आम्ही ताडपत्री काढली. इंजिनावरची पाण्याची तोटी गंजून बसली होती, ती त्याने पकडीने मोकळी केली. मी पंख्याची तार सोडवून बॅटरीला सरळ जोडली. पंखा घरघरला आणि काचेच्या फटींतून उंदराच्या घरट्याच्या चिंध्या बाहेर उडाल्या.

मला वाटले, झाले काम. पण त्याने दिवे लावले, वायपर सुरू केला, आणि वायपर काचेच्या मध्यावर येऊन थांबला. पंखा सगळा जोर एकटाच ओढून घेत होता. थोड्याच वेळात डब्यातून जळका वासही येऊ लागला. मी घाईने तार काढली. पंखा जुना होता, त्याला पूर्ण जोर सोसत नव्हता आणि त्या बॅटरीलाही सगळ्यांना पुरवणे जमत नव्हते. पंख्याला थोडाच विद्युत्प्रवाह द्यायला हवा होता. ते काम पुढच्या फळीवर असलेल्या एका बटणाचे होते. ते फिरवावे तसा पंखा हळू किंवा जोरात फिरावा, अशी त्याची योजना. दोष त्यातच होता.

ते बटण मी पाहिले आणि थांबलो. ते लाल होते. मूळचे लाल नव्हे.

बाकीच्या बटणांना रोज हात लागे. हे एकच निकामी, आणि नेमके फळीच्या मधोमध. म्हणून गाडी घेतल्यापासून मोटारवाल्याने तेच पूजेला धरले होते. दसऱ्याला तर हळदकुंकू वाही, पण तेवढ्यावर थांबत नसे. दर वेळी घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी करी, नारळ फोडी, त्या पाण्याचा शिंतोडा बटणावर देई आणि कुंकवाचे बोट लावी. त्याच्या घरची माणसे त्याला देवाचे बटण म्हणत.

त्याने बाजूचा बारीक स्क्रू सोडवून बटण काढले आणि फळीमागचा भाग हातात घेतला. झाकण उघडले तर आत कुंकू, हळद आणि नारळाचे पाणी सुकून झालेला थर. चिनी मातीच्या तुकड्यावर बारीक तार गुंडाळलेली आणि तिच्यावरून सरकणारी पितळी पट्टी. पट्टी त्या थरात रुतून बसली होती आणि तारेला टेकतच नव्हती. एका ठिकाणी हिरवट बुरशीसारखे चढून तार तुटली होती.

मी पेट्रोलचे फडके पुढे केले, तेव्हा त्याने माझा हात धरला.

"थांब."

त्याने पागोळीखाली हात धुतले, पुसले, तो तुकडा ओंजळीत घेऊन क्षणभर कपाळाला लावला आणि मग एका पळसाच्या पानावर अंगठ्याच्या नखाने तो थर हळूहळू खरवडू लागला. एक कणही खाली पडू देत नव्हता. रस्त्यापलीकडून वडिलांचे कण्हणे ऐकू येत होते. मला राहवले नाही. मी म्हणालो, "दादा, वेळ नाही."

मान वर न करता तो म्हणाला, "मास्तर, हे मी फडक्यानं पुसून टाकलं, तर वर वळनावर माझा हात कापंल. मग तुझी शेगडी पेटून काय उपेग?"

त्या दिवशी मला ते पटले होते की नाही, आठवत नाही. आज पटते. घाटात गाडी त्याच्या हातांवर चालणार होती आणि त्या हातांना काय लागते ते त्यालाच माहीत होते. सगळा थर निघाल्यावर पानावरचे चिमूटभर त्याने स्वतःच्या कपाळाला लावले आणि उरलेले पानासकट ओढ्यात सोडायला सांगून बायकोच्या हाती दिले. मग मला म्हणाला, "आता घे तुझं पेट्रोल."

पट्टी आणि तार घासून स्वच्छ झाली. तुटलेली टोके तो कथलाचा डाग देऊन जोडू लागला, पण डाग धरेना, गोळी होऊन घरंगळून पडे. ही तार प्रयोगशाळेत माझ्या हाताखालून गेली होती. तिला डाग बसत नाही, हे मला माहीत होते. मी गुंडाळ्याचा एक वेढा मोकळा केला, दोन्ही टोके एकमेकांवर आणून पिळली आणि त्यावर तांब्याच्या पत्र्याची बारीक पट्टी गुंडाळली. त्याने ती पकडीने दाबून घट्ट केली. त्याच्या हातात जोर होता, माझ्या हाताला ते जमले नसते. सगळे जागच्या जागी बसवून त्याने बटण फिरवले. पंखा सावकाश फिरू लागला. दिवे लावले, वायपर लावला. वायपर थांबला नाही. इंजिन तापले तसा काचेच्या बुडाशी धरलेला माझा हात ऊन झाला.

"पेटली," तो म्हणाला.

वडिलांना मागच्या बाकावर आडवे केले, डोके चुलत्यांच्या मांडीवर. मी पुढे बसलो. घाटाच्या पायथ्याशी त्याने गाडी थांबवली, खिशातून कुंकवाची पुडी काढली. त्याचे बोट सवयीने त्या बटणाकडे गेले आणि मध्येच थांबले. मग त्याने सुकाणूच्या मधोमध टिळा लावला आणि गाडी घाटाला घातली.

त्या चढणीचे वर्णन मला नीट करता येणार नाही. बाहेर काही नव्हते, नुसता पांढरा रंग आणि त्यातून अचानक पुढे येणारा काळा कातळ. काच वरच्या बाजूला पांढरीच राहिली, पण बुडाशी, फटींच्या वर, दोन सुपांएवढ्या जागा स्वच्छ राहिल्या होत्या. मोटारवाला बाकावर खाली घसरून, मान वाकवून त्यातल्या एकीतून बघत होता. दुसरीतून मी बघत होतो आणि दरीची कड दिसली की सांगत होतो. दोनदा उतरून मी दगड बाजूला केले. वळणावर तो पंखा हळू करी म्हणजे दिव्यांना जोर मिळे, सरळ रस्त्यावर पुन्हा वाढवी. तेच एक बटण तो सारखे फिरवीत होता.

वडिलांचे कण्हणे मध्येच थांबले. मला भीती वाटली. मी मागे वळून पाहिले तर त्यांचे डोळे उघडे होते.

"शेगडी कुठं ठेवलीस रे?" ते म्हणाले. "घोंगडी पेटंल."

"पेटत नाय," चुलते म्हणाले. "गप पडून ऱ्हा."

वाईला पोहोचलो तेव्हा दिवे लागत होते. त्यांना लगेच आत नेले. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, वीतभर आतडे काळे पडले होते, ते काढले, बाकीचे वाचले आहे. वेळेवर आणलेत, असेही म्हणाले. मोटारवाला व्हरांड्यात उभा होता. त्याने ते ऐकले, मान हलवली आणि गाडीत जाऊन झोपला. सकाळी तो आणि चुलते परत निघाले, आईला निरोप सांगायला.

पुढचे काही दिवस चांगले गेले. माझ्या मोठेपणी वडील आणि मी इतका वेळ एका जागी बसलो आहोत असे कधी झालेच नव्हते. शेतावर ते पुढे असत, मी मागे. सुट्टीत मी घरी असलो तरी ते गोठ्यात किंवा रानात. दवाखान्यात त्यांना उठून कुठे जाता येत नव्हते, हे मला जवळजवळ सुखाचे वाटत होते. एका दुपारी त्यांनी विचारले, "गाडीला काय केलंस तू? चुलता सांगत होता."

मी सांगू लागलो. आधी शाळेत सांगतो तसे सांगितले, ते त्यांच्यापर्यंत गेले नाही. मग म्हणालो, पंख्याकडे जाणारा जोर सगळाच्या सगळा गेला तर पंखा जळतो. म्हणून वाटेत बारीक तार घालतात, ती त्याला अडवते आणि हवा तेवढाच पुढे सोडते. ती तार जितकी लांब घ्यावी तितका पंखा हळू.

ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे पाटाच्या तोंडाला दगड लावतो तसं. पानी जोरात आलं तर वाफा वाहून जाईल. दगड लावायचा, रोपाला लागंल तेवढंच सोडायचं."

"हो," मी म्हणालो. "अगदी तसंच."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मग येवढं शिकायला तुला येवढी वर्सं लागली?"

आणि हसू लागले. टाके दुखत होते, म्हणून पोट दोन्ही हातांनी दाबून धरून हसत होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस आमच्याकडे बघू लागला. मलाही हसू आले. माझ्या पदवीचे अनेकांनी कौतुक केले आहे, शाळेत हारही घातला होता. पण मी काय शिकलो ते घरच्या कुणाला कळले, असे तोवर झालेले नव्हते.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांना ताप भरला. जखम आतून चिघळली होती. डॉक्टरांनी होते ते सगळे केले, हे मी पाहिले आहे. ताप उतरला नाही. वडील गेले तेव्हा मी जवळ होतो, मीच तोंडात पाणी घातले. निरोप पोहोचायला आणि माणसे यायला वेळ लागला असता, म्हणून कृष्णेच्या काठीच सगळे केले. वाईचे चार अनोळखी लोक खांद्याला आले.

घरी पोहोचलो तेव्हा निरोप आधीच आला होता आणि आई मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. लोक येऊन बसून गेले. सगळे उठल्यावर तिने पुन्हा सूप हातात घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हटले, "हितंच असते तर माझ्या हातचं पानी तरी पडलं असतं तोंडात."

घरी राहते तर त्याच रात्री तळमळून गेले असते, हे मला माहीत होते, आणि तिलाही माहीत असावे. तरी तिचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही त्यांना तिच्यापासून काढून नेले होते आणि परत आणले नव्हते. मी तिला डॉक्टरांचे शब्द सांगितले नाहीत. दवाखान्यातली ती दुपार सांगितली. पंख्याची तार सांगितली, पाटाचा दगड सांगितला, ते मला काय म्हणाले तेही सांगितले.

तिचे सूप थांबले.

"हसले?"

"हसले."

"पोटाला टाके असताना?"

"दोन्ही हातांनी पोट धरून हसत होते."

तिने पदराने तोंड पुसले आणि ती सूप बाजूला ठेवून माझ्याकडे तोंड करून बसली.

"पुन्यांदा सांग," ती म्हणाली. "काय म्हनले ते?"

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.